पंधरा आणि सात

आमच्या समोरच्या खोलीत राहणाऱ्या मावशींना सगळी इमारत काट्यावरच्या मावशी म्हणायची. मालवाहतुकीच्या एका डेपोत त्यांनी एकतीस वर्षं वजनकाट्यावर काम केलं होतं. गाठोडी, खोकी, पिंपं, यंत्रांचे सुटे भाग, जे काही ट्रकमध्ये चढायचं ते आधी मावशींच्या नजरेखालून जायचं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी हाताची सवय गेली नव्हती. भाजीवाला त्यांना लांबून पाहिलं की आपणहून एक टोमॅटो जास्तीचा टाकायचा. इमारतीत बाळ जन्माला आलं की बघायला गेलेल्या बायका नाक कुणावर गेलंय याची चर्चा करायच्या. मावशी बाळाला दोन्ही हातांवर घ्यायच्या आणि सांगायच्या, "तीन किलो शंभर." दवाखान्याच्या कार्डावर तीन किलो एकशेवीस लिहिलेलं असायचं. "दूध प्यायलंय," म्हणून मावशी वरचे वीस ग्रॅम निकालात काढायच्या.

त्यांचे यजमान त्याच डेपोत हमाल होते. उतरवताना एक पेटी फळीवरून घसरली आणि ते भिंत आणि पेटीच्या मध्ये सापडले. मुलगी तेव्हा चार वर्षांची. डेपोने मावशींना कामावर घेतलं ते झाडलोटीला. काट्यावरचे कारकून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी साहेबांना सांगितलं, ह्या बाईला बसवा, हिला आकडा दिसतो. जाताना त्यांनी मावशींना एकच गोष्ट शिकवली. एका पावतीचा माल एकदम तोलायचा. एका गिऱ्हाइकाचे दहा नग असले तरी दहाही काट्यावर एकत्र चढवायचे आणि एकच आकडा लिहायचा. सुटे तोलले की प्रत्येक नगावर वरचा पुरा किलो धरला जातो आणि गिऱ्हाईक नागवलं जातं.

हे मावशींनी इतकं मनावर घेतलं होतं की कुणी घाईत एकेक नग तोलायला निघालं की त्या हातातली पेन्सिल टेबलावर आपटायच्या. आणि जो आकडा यायचा तो यायचा. सख्ख्या भावाचं घरसामान एकदा डेपोतून गेलं. भाऊ म्हणाला, जरा खालीच धर की. मावशींनी होतं तेवढंच लिहिलं. भाऊ दोन वर्षं बोलला नाही. "मग बोलला," मावशी सांगायच्या, "पण पहिल्यांदा काय बोलला? तू बारीक झालीस म्हणाला. मी म्हटलं, दीड किलो."

मुलगी शिकली, लग्न करून दुसऱ्या शहरात गेली. विमानाने अडीच तासांचं अंतर. दोन खोल्यांचं घर, नवरा, शाळेत जाणारी दोन मुलं, दोघांच्याही नोकऱ्या. वर्षातून एकदा चार दिवस यायची, आईची खोली घासूनपुसून जायची.

यंदा थंडी संपता संपता मावशी न्हाणीघरात पडल्या. उजवं मनगट मोडलं. दार आतून बंद होतं आणि कडी काढायला त्यांना पाऊण तास लागला, हे मला नंतर कळलं. दवाखान्यात मी नेलं, प्लॅस्टर झालं, सहा आठवडे त्यांची वेणी मी घातली. मुलगी रोज फोन करायची. एका फोनवर ती म्हणाली, "आई, आता एकटी राहू नकोस. इकडे ये."

हे वाक्य मावशींनी मला तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "इकडे ये म्हणाली. राहायला ये असं नाही म्हणाली."

"एकटी राहू नकोस म्हणाली ना? मग तेच झालं की."

"तेच कसं होईल? एकटी राहू नकोस म्हणजे हात बरा होईपर्यंत नको, की कायमचीच नको?"

"विचारून टाका ना सरळ."

"पोटच्या पोरीला असं विचारतात का गं? हो म्हणाली तर वाटणार, भिडेखातर म्हणाली. आणि नाही म्हणाली तर पुढे काय बोलू मी फोनवर? आज भाजी काय केलीस?"

पण विचारणं भाग होतं, कारण घरमालक थांबले होते. त्यांच्या पुतण्याचं लग्न झालं होतं आणि त्याला जागा हवी होती. मालक वाईट माणूस नव्हे. जिन्यात उभं राहून अदबीने म्हणाले, "मावशी, कायमच्या जात असाल तर महिनाअखेरपर्यंत सांगा. परत येणार असाल तर खोली तुमचीच आहे, मी शब्द काढणार नाही." मावशी म्हणाल्या, सांगते. चौतीस वर्षं मावशी त्या खोलीत राहत होत्या.

तिकीट माझ्या फोनवर आलं, कारण मावशींचा फोन नुसता बोलण्यापुरता होता. मी वाचून दाखवलं. तारीख, वेळ, फक्त जायचं. परतीचं मग बघू, असं मुलीने लिहिलं होतं. सगळ्यात खाली सामान. हातातली एक बॅग, सात किलो.

"आणि मोठं?"

"मोठं नाहीये मावशी. हे स्वस्तातलं विमान. यात बसायचे पैसे वेगळे, सामानाचे वेगळे, खायचे वेगळे."

"म्हणजे मोठं न्यायचंच नाही?"

"जास्तीचे भरले की नेता येतं. तिने भरलेले नाहीत."

मावशी डाव्या हाताने उजवं मनगट चोळत बसल्या. "सात किलोत माणूस किती दिवस राहतं? चार जोड कपडे, टॉवेल, औषधं, चपला. पंधरा दिवस. ओढूनताणून तीन आठवडे." मग उठल्या. "कळलं मला," म्हणाल्या आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दिवसाढवळ्या त्या कधी दार लावत नसत.

मला ते बघवलं नाही. मी मुलीला निरोप लिहिला, आईंना जास्त सामान लागेल, मोठी बॅग घालता का? अर्ध्या तासाने नवं तिकीट आलं. त्यात पंधरा किलो होते. सोबत मुलीने लिहिलं होतं, "घातलं. तिला सांगा फार काही आणू नको, घर लहान आहे."

मी समोरचं दार वाजवलं. "मावशी, पंधरा किलो घातलेत बघा."

"घातले? आपणहून?"

"हो," मी म्हटलं. आणि निरोपाची दुसरी ओळ मी वाचलीच नाही.

त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला त्याच क्षणी चुकल्यासारखं झालं. पण बोललेलं बोलून झालं होतं. "विसरली असेल आधी," मावशी म्हणाल्या. "कामाच्या गडबडीत असते पोरगी. पंधरा म्हणजे राहायलाच. पाहुण्याला कोण पंधरा किलो घालतं?"

पुढचे दहा दिवस त्यांनी सामान लावलं. निवृत्तीच्या दिवशी डेपोने दिलेला हुकाचा काटा दाराच्या चौकटीला टांगला होता. एकेक वस्तू पिशवीत घालून त्याला अडकवायच्या आणि आकडा पाटीवर लिहायच्या. रजई सव्वादोन किलो. लोखंडी कढई एक किलो चारशे. उशी नऊशे. ताट, वाटी, पेला मिळून सातशे. यजमानांचा फोटो काचेसकट जड भरला, म्हणून काच काढून मला दिली.

"ताट कशाला मावशी? तिच्याकडे ताटं नाहीत का?"

"तिची ताटं तिची. आपलं ताट मांडणीत असलं की जेवायला बस म्हणायची कुणाला गरज पडत नाही."

शेवटी मोठी बॅग भरली अठरा किलो आणि हातातली चार. मी म्हटलं, "मोठीत तीन जास्त झाले."

"कसे जास्त? पंधरा आणि सात किती?"

"बावीस."

"अठरा आणि चार किती?"

"बावीस. पण मावशी, ते असं..."

"मग झालं की. एक माणूस, एक पावती, एक गाडी. माझ्या हाताला सात किलो उचलवत नाहीत, म्हणून चारच ठेवले. मोठीला चाकं आहेत, ती आपली आपण चालते."

"मोठीला पंधरा आणि हातातलीला सात, असं वेगवेगळं लिहिलंय तिकिटावर."

"लिहिताना वेगळंच लिहितात. आमच्याकडेही दहा नगांच्या दहा ओळी असायच्या. तोलताना एकदम. तू आयुष्यात किती माल तोललास?"

मी दाण्याच्या पुडीपलीकडे काही तोललं नव्हतं. शिवाय मीही विमानात एकदाच बसले होते. तरी म्हटलं, "निदान स्वेटर आणि शाल अंगावर घाला. अंगावरचं तोलत नाहीत."

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा टाकायला उठले.

विमानतळावर आम्ही दुपारी पोचलो. मावशींनी इस्त्रीची साडी नेसली होती, केसांना तेल लावलं होतं. मोठी बॅग त्यांनी स्वतः ओढली, डाव्या हाताने. रांगेत पुढच्या माणसाची बॅग पट्ट्यावर चढली की त्या माझ्या कानाशी आकडा सांगायच्या आणि मग समोरच्या चौकटीत लाल दिव्यांनी तोच उमटायचा. तिसऱ्या बॅगेनंतर आमच्या मागच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही इथेच कामाला आहात का?" मावशी खूश झाल्या.

आमचा नंबर आला. खिडकीवरची मुलगी विशी-बाविशीतली, गळ्यात रुमाल बांधलेली. बॅग पट्ट्यावर चढली. अठरा पॉइंट एक.

"शंभर ग्रॅम तुमचा काटा पुढे आहे," मावशी म्हणाल्या.

मुलगी हसली. "आजी, तीन किलो जास्त होतंय. जादाचे भरायचे का काढायचं?"

"थांब. ही पण धर." मावशींनी हातातली बॅग मोठीच्या अंगावर ठेवली. "आता बघ. बावीस. तुझे शंभर ग्रॅम तू ठेव."

"असं एकत्र नाही होत आजी. खालचं सामान वेगळं, वरचं वेगळं."

"पावती एकच आहे ना?"

"एकच आहे. पण मोठी खाली पोटात जाते, तिथे माणसं हाताने चढवतात. छोटी तुमच्याबरोबर वर, डोक्यावरच्या कप्प्यात. दोन्हींची मर्यादा वेगळी. एकीचं उरलेलं दुसरीला चालत नाही."

"आमच्याकडे एकतीस वर्षं..."

"नियम आहे आजी," मुलगी म्हणाली. उद्धटपणे नव्हे, समजुतीने.

हे दोन शब्द मावशींनी स्वतः किती जणांना ऐकवले असतील कोण जाणे. त्यांनी हातातली बॅग खाली घेतली. कान लाल झाले होते. एकतीस वर्षांत त्यांचा माल कुणी काट्यावरून परत फिरवला नव्हता.

"तीन किलो यातून त्यात घाला ना," मुलीने वाट काढून दिली. "बाजूला घेऊन उघडा, मी तुम्हाला परत रांगेत नाही लावणार."

आम्ही खांबाशी जाऊन जमिनीवर बसलो आणि बॅग उघडली. लोक वळसा घालून जात होते. मी रजई काढून छोट्या बॅगेत कोंबली. चेन अर्ध्यावर अडली. जवळच लोखंडी चौकट होती, हातातली बॅग तिच्यात बसली पाहिजे असा फलक वर होता. ती फुगलेली बॅग चौकटीच्या तोंडाशीच राहिली. रजई काढून कढई घातली, तर खिडकीवरची मुलगी लांबूनच म्हणाली, "आजी, एवढं जड लोखंड तपासणीत काढून घेतील बहुतेक." आणि काहीही घातलं असतं तरी सात किलो डोक्याच्या वर चढवणारं मनगट कुठून आणायचं होतं?

"मावशी, सोडा. जादाचे मी भरते. किती होतील ते विचारते."

"थांब." त्यांनी माझा हात धरला. "भरायचे की नाही ते नंतर. आधी कळू दे, लागणार आहे का ते. फोन लाव लेकीला."

मी लावला आणि आवाज मोठा करून त्यांच्यापुढे धरला, कारण त्या गलबल्यात ऐकू आलं नसतं. लेक ऑफिसात होती.

"आई? पोचलात ना वेळेवर? काय झालं?"

"काही नाही गं. वजन थोडं जास्त झालंय. रजई आणू की ठेवू, एवढंच विचारायचं होतं."

"रजई? आई, रजई कशाला? इथे किती उकडतंय माहितीय? थंडीला अजून सहा महिने आहेत. तोपर्यंत तू..."

ती थांबली. मागे कुणीतरी तिला हाक मारली.

"तोपर्यंत मी काय?" मावशींनी विचारलं.

"काही नाही गं. तू ये आधी. मी घ्यायला येतेय ना. जड काही उचलू नकोस, हाताला जप. ठेवू?"

"ठेव."

मावशींनी रजई मांडीवर घेतली आणि तिची घडी नीट केली, कडेला कड लावून. खूप वेळ केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मग तिने पंधरा किलो घातले कशाला?"

मला सांगावं लागलं. मी मागून घेतले होते म्हटलं. दार लावून बसला होतात म्हणून. आणि घर लहान आहे, फार काही आणू नको असंही तिने लिहिलं होतं, ते मी तेव्हा लपवलं, हेही सांगितलं.

मी ओरडा खायला तयार होते. मावशी म्हणाल्या, "तू काट्यावर बोट ठेवलंस गं."

बस, एवढंच. डेपोत वजन वाढवायला काट्यावर बोट ठेवणाऱ्याला त्या दुसऱ्या दिवशी उभंही राहू देत नसत. मला त्यांनी, "ती पिशवी दे इकडे," म्हटलं. माझ्याकडच्या कापडी पिशवीत त्यांनी कढई घातली. मग ताट, वाटी, पेला. मग उशी. फोटो हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि परत कपड्यांच्या मध्ये ठेवला.

"मावशी, तिला तसं म्हणायचं नसेल. म्हणाली असती, तोपर्यंत आपण तिथेच नवी घेऊ. कुणीतरी हाक मारली मध्येच."

"असेलही."

"मग ताट तरी न्या."

"हे बघ. तिचं घर दोन खोल्यांचं आहे. चार माणसं आहेत. त्यात आणखी एक किती दिवस मावतं, ते तिलाच अजून ठाऊक नाही. ठाऊक नसलेलं ती कुठून सांगणार? खोटं बोलली नाही, एवढं बरं केलं तिने." बॅगेची चेन त्यांनी डाव्या हाताने ओढली. "ती वाईट नाही. तिला वाईट म्हणायचं नाही तू. घरी गेल्यावर कुणाला असलं काही सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

"मालकांना सांग, खोली सोडत नाहीये. भाडं पेन्शनमधून जाईल, दर महिन्याला जातं तसं. न्हाणीघराची कडी मात्र काढून टाक म्हणावं. आतून लागायला नको आता."

आम्ही परत खिडकीशी गेलो. बॅग चढली. बारा पॉइंट आठ.

"आजी, बरंच काढलंत की," मुलगी म्हणाली. "अजून दोन किलो सहज बसतील. घाला ना काहीतरी."

"नको," मावशी म्हणाल्या. "जायला-यायला हलकं बरं."

मुलीने बॅगेला चिठ्ठी चिकटवली आणि पट्टा सुरू झाला. बॅग रबरी पडद्याआड जाईपर्यंत मावशी बघत राहिल्या. मग त्यांनी वाकून विचारलं, "बाळा, खाली ती चढवणाऱ्या माणसांना एकेकाला किती किलो उचलू देतात?"

"मला नाही माहीत आजी."

"विचारून ठेव कधीतरी."

तपासणीच्या दाराशी मला पुढे जाता येत नव्हतं. मी वाकून पाया पडले तेव्हा त्यांनी पाठीवर हात ठेवला, मोडलेल्या मनगटाचा. "रजईला ऊन दाखव," म्हणाल्या, "घडीत ठेवून वास लागतो." आणि गेल्या. काचेपलीकडे त्यांनी बॅग ट्रेमध्ये ठेवलेली दिसली. एका माणसाने मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

मी कढई, ताट, उशी आणि रजई घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी मावशींची खोली उघडून रजई खिडकीत टाकली, उशी कॉटवर ठेवली, ताट मांडणीत उभं केलं. मालक जिना चढून आले. उघडं दार आणि आत मी, असं बघून उंबऱ्याशी थांबले.

"सामान हलवताय का? मग पुतण्याला सांगू?"

"नाही," मी म्हटलं. "मावशी लेकीला भेटायला गेल्यात."

"बरं. किती दिवसांसाठी?"

"थंडीच्या आत येतील."

मालकांनी मान हलवली. एक पायरी उतरून पुन्हा वळले. "माझ्याकडून घाई झाली का हो? मला वाटलं होतं कायमच्याच चालल्या. एवढी मोठी बॅग नेताना पाहिली म्हणून."

"नाही, तसं काही नाही," मी म्हणाले. "न्हाणीघराची आतली कडी तेवढी काढायचीय. सुताराला पाठवाल?"